दारात नाव विचारणाऱ्या साईटी

सोलापुरात कुणी "काय करता?" असं विचारलं आणि आपला चादर, टॉवेल, विडी यांपैकी कशाशीच संबंध नाही असं निघालं, की विचारणाऱ्याला आपली थोडी काळजी वाटायला लागते. मी वेबसाईट बनवते असं सांगितलं की ती काळजी वाढते. माझ्या सख्ख्या मावशीनं मला "म्हंजी नेमकं काय करतीस?" असं वर्षानुवर्षं विचारलं आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर पूर्ण ऐकून घेऊन "बरं बरं, कंप्युटरचं" असं म्हणून चहाचा कप पुढे सरकवला. पुढे पुढे मीही कंप्युटरचंच सांगायला लागले.

आता मी काम बरंचसं आवरतं घेतलं आहे. संपादकांनी कामाच्या आठवणी लिहा म्हटलं तेव्हा पहिली साईट, पहिला पगार, पहिलं ऑफिस असं सगळं लिहायचा मोह झाला, पण ते वाचणार कोण? त्यापेक्षा एका भांडणाबद्दल लिहिते. ते माझं आणि माझा भागीदार सिद्राम याचं. आम्ही एकत्र काम करायला लागल्यापासून ते वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी एका दिवसात मिटलं. भांडणाचा विषय असा, की साईटीनं आलेल्या माणसाला दारातच "तू कोण?" असं विचारावं की विचारू नये.

यातलं काही माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. तुम्ही मोबाईलवर एखादी साईट उघडता तेव्हा तुमच्या आणि साईटीच्या मध्ये एक सॉफ्टवेअर असतं, त्याला ब्राउझर म्हणतात. आम्ही साईट लिहितो आणि ब्राउझर ती तुम्हाला वाचून दाखवतो. हे ब्राउझर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि एकच मजकूर प्रत्येक जण आपल्या पद्धतीनं वाचतो. एकाकडे सगळं जिथल्या तिथं दिसतं, दुसऱ्याकडे बटण भलतीकडेच जाऊन बसतं. साईटीच्या दारात आल्या आल्या ब्राउझर एक ओळ म्हणतो: मी अमुक, माझी आवृत्ती अमुक, तमुक मोबाईलवरून आलोय. ती ओळ वाचून त्याप्रमाणे पान बदलायचं की ओळीकडे दुर्लक्ष करून सगळ्यांना एकच पान द्यायचं, हे साईट लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

सिद्राम मैंदर्गीचा. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि कीबोर्डवर इंग्रजी. माझ्यापेक्षा काही वर्षांनी लहान, कामाला वाघ आणि वादाला त्याहून मोठा वाघ. त्याचं म्हणणं होतं की नाव विचारायलाच पाहिजे.

"ताई, पाव्हणा कोण हाय ते कळल्याबिगर ताट कसं वाढायचं? शुगरवाल्याला शिरा वाढला तर पाप कुनाच्या डोक्यावर?"

"मग शुगर आहे का ते विचार की. आडनाव कशाला विचारतोस? आडनावावरून शुगर कळते का?"

हे नुसतं तोंडाला तोंड देणं नव्हतं. आमच्या धंद्यात खरोखरच दोन रीती आहेत. एक, ब्राउझरचं नाव बघायचं आणि याला काय जमतं, काय जमत नाही याचा अंदाज बांधायचा. दुसरी, नावाच्या भानगडीत न पडता सरळ विचारायचं: बाबा रे, तुला हे चित्र दाखवता येतं का? हा रकाना मांडता येतो का? येत असेल तर घे, नसेल तर तुझ्यासाठी हे साधं पान. दुसऱ्या रीतीत लिहिणाऱ्याचे कष्ट जास्त. पहिली झटपट होते, म्हणून पुष्कळांना आवडते.

त्यात गंमत अशी की ब्राउझर नाव खोटं सांगतात. चोरी करायची म्हणून नव्हे. फार पूर्वी एका ब्राउझरची चलती होती, तेव्हा साईटी त्याचं नाव ऐकलं तरच चांगलं पान द्यायच्या. मग दुसऱ्यांनीही आपल्या ओळीत त्याचं नाव घुसवलं. त्यांच्या मागून आलेल्यांनी दोघांची नावं घातली. आज कुठल्याही ब्राउझरची ती ओळ वाचा, पाहुणा आपल्या नावाआधी चार मोठ्या घरांची नावं सांगून मग हळूच आपलं सांगतो. मला ती ओळ पहिल्यांदा समजली तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसत बसले होते.

नावावरून ओळखणं मला आवडत नसे याला एक कारण धंद्यातलं होतं आणि एक धंद्याबाहेरचं. माझे वडील रेल्वेत होते. जेऊर स्टेशनवर त्यांची बरीच वर्षं गेली. आमचं मूळ आडनाव ऐकलं की समोरचा लगेच ओळखायचा, आणि ओळखलं की त्याचा बोलण्याचा सूर बदलायचा. म्हणून वडिलांनी कागदोपत्री आडनाव बदलून जेऊरकर करून घेतलं. पण सोलापूरकर असा हार मानत नाही. "जेऊरकर म्हंजी मूळचे कोण?" हा प्रश्न मी शाळेपासून ऐकत आले. नवी पेठेत ऑफिससाठी गाळा बघायला गेले तेव्हा मालकांना माझं काम आवडलं, बोलणं आवडलं, मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी बौद्ध म्हणून सांगितलं. संध्याकाळी निरोप आला की गाळा भाच्याला द्यायचं ठरलंय. पुढे दुसरा गाळा मिळाला तो सिद्रामच्या नावावर. या दुसऱ्या मालकांच्या लेखी मी शेवटपर्यंत "सिद्रामच्या हापिसातल्या बाई" होते. आम्ही दोघं त्यावर विनोद करायचो. पण मला राग यायचा आणि अजूनही येतो, हेही लिहून ठेवते.

सिद्राम दर वेळी चूकच होता असं मात्र नाही. एक काळ असा होता की जुन्या ब्राउझरांना मराठी धड वाचता येत नसे. जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या चुकीच्या अक्षरावर जाऊन बसायच्या, कुठं कुठं तर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. एका वधू-वर सूचक मंडळाच्या साईटीवर स्थळांची माहिती अशी दिसायची की वधूपिते फोन करून आम्हालाच शिव्या द्यायचे. तेव्हा सिद्रामनं जुन्या ब्राउझरांची नावं ओळखून त्यांना तेवढा मजकूर चित्राच्या रूपात दिला. वाचता येणारे अक्षरं वाचत होते, न येणारे चित्र बघत होते, आणि कुणालाच काही कळलं नाही. ते काम सुरेख होतं. मी त्याला तसं सांगितलंही, आणि तो पुढे कित्येक महिने मला ते ऐकवत होता.

नरसय्याशेठचं प्रकरण मात्र याच्या अगदी उलट. पिढीजात विणकराचं घर, मोठा टॉवेलचा व्यापार, घरात तेलुगू, तोंडात पान. गिऱ्हाइकानं काही न सांगताही त्याचा मोबाईल कुठला ते साईटीला ओळखता येतं हे त्यांना सिद्रामकडून कळलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"मंग असं करा, महागाचा मोबाईल दिसला का टावेलचा भाव थोडा चढवून दाखवायचा. दुकानात आमी हेच करतो की. गिऱ्हाईक गाडीतनं उतरलं का चालत आलं, बगूनच भाव सांगतो."

मी नाही म्हटलं. शेठनी मला बगल देऊन सिद्रामला गाठलं आणि त्यानं गंमत म्हणून ते करून दिलं. महागाच्या मोबाईलचं पहिलं गिऱ्हाईक निघाले शेठचे हैदराबादचे जावई. सासऱ्याच्या साईटीवर त्यांना एक भाव आणि त्यांच्या कारकुनाला त्याच टॉवेलचा दुसरा. जावयांनी फोनवर काय काय सुनावलं ते शेठनी आम्हाला सांगितलं नाही, पण ती सोय दुसऱ्याच दिवशी काढून टाकायला लावली. इथपर्यंत आमचं भांडण हे असं हसतखेळत होतं.

मग वसतिगृहाचं झालं.

शहरातल्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. तालुक्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी चांगलं आणि परवडणारं, त्यामुळे जागांपेक्षा मागणाऱ्या नेहमीच जास्त. साईट पुण्याच्या कुणीतरी करून दिलेली होती, आमच्याकडे फक्त देखभाल. पुणेकरांनी वर मोठमोठे सरकते फोटो लावले होते आणि ते चार प्रसिद्ध ब्राउझरांवर तपासले होते. पाचव्यावर काय होईल याची जबाबदारी नको म्हणून त्यांनी दारात पहारा बसवला होता. त्या चारांपैकी नाव असेल तर आत. नसेल तर एक पान यायचं: "आपला ब्राउझर जुना आहे. कृपया तो अद्ययावत करून पुन्हा भेट द्या."

हा पहारा काढा असं मी पहिल्याच बैठकीत म्हटलं होतं. संस्थेच्या चिटणीस सुमतीबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना चालत्या गोष्टीला हात लावणं पसंत नव्हतं. सिद्रामनंही त्यांच्या बाजूनं मान डोलावली. दर वर्षी नव्या आवृत्त्या आल्या की तो त्या चार नावांची यादी नीट करून ठेवायचा. माझं म्हणणं मी मांडलं होतं, त्यापुढे मी ताणलं नाही.

प्रवेशाची रीत अशी होती की ठरलेल्या सकाळी साईटीवर नोंदणी सुरू व्हायची आणि जी आधी येईल तिला जागा. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं भरून जायचं. असंच एका वर्षी भरलं आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आमच्या ऑफिसात एक उंच, उन्हानं रापलेला माणूस आला. मागे त्याची मुलगी. त्याच्या हातात मोबाईलचं नवंकोरं खोकं. माणसाचं नाव बिरू, सांगोला तालुक्यात पाण्याचा टँकर चालवायचा. मुलीचं नाव काजल. वसतिगृहाच्या ऑफिसात ते जाऊन आले होते आणि तिथून "साईटवाल्यांना विचारा" म्हणून आमच्याकडे पाठवलं होतं.

बिरूनं खोकं टेबलावर ठेवलं. "मॅडम, ह्या मोबाईलात काय खोट हाय तेवढं सांगा. तुमची साईट म्हनती जुना हाय. दुकानदार म्हनतो कालच्या मालातला हाय. दोगांपैकी एक लबाड हाय की न्हाय?"

काजल हळू बोलली. "नोंदणी चालू झाल्या झाल्या मी बसले होते, मॅडम. ते म्हनलं अद्ययावत करा. करायला गेले तर मोबाईल म्हनतो हाच नवा हाय. परत साईट, परत तेच. मंग यष्टीनं सांगोल्यात जाऊन नेटवाल्याकडं बसले. तवर जागा भरल्या."

"नर्सिंगला नंबर लागलाय तिचा," बिरू म्हणाला. "होस्टेल मिळालं तर धाडतो. भाड्याच्या खोलीत एकटीला न्हाय ठेवनार मी. आन न्हाय धाडली तर तिच्या मामानं स्थळ आनलंयच."

काजलनं बापाकडे बघितलं नाही. टेबलावरच्या खोक्याकडे बघत राहिली.

प्रत्येक साईटीची एक प्रत आमच्याकडे असते, लोकांना न दिसणारी, प्रयोग करायला ठेवलेली. मी त्या प्रतीतल्या पहाऱ्याच्या ओळी काढल्या आणि काजलला तिच्या मोबाईलवर ती उघडायला सांगितली. साईट उघडली. सरकते फोटो सरकले, सगळे रकाने जिथल्या तिथं, बटणं जागेवर. सिद्रामच्या स्वतःच्या मोबाईलपेक्षा चांगलं चालत होतं. तो उठून आला, मोबाईल हातात घेऊन पान वर-खाली केलं, मग ब्राउझरची ती ओळ काढून वाचली. मोबाईलच्या कंपनीनं यादीतल्याच एका ब्राउझरवर आपल्या नावाचा शिक्का मारून तो घातला होता. आतलं यंत्र तेच, नाव तेवढं निराळं.

"मोबाईलात खोट न्हाय," सिद्राम बिरूला म्हणाला. "नाव यादीत न्हवतं."

"नाव?"

"व्हय."

"आन त्येवढ्यासाठी पोरीला भायेर ठिवली?"

सिद्रामनं गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, "चला, बाईंकडं जाऊ."

सुमतीबाईंच्या टेबलासमोर आम्ही चौघं उभे राहिलो. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "जेऊरकर, नियम सगळ्यांना सारखा आहे. आधी येईल तिला जागा. ही उशिरा आली."

"उशिरा नाही आली, बाई. वेळेवर आली होती. तिला दारातून परत पाठवलं."

"ते मला कसं कळणार? आणि आता मिळालेल्या मुलीला मी घरी धाडू का?"

तेव्हा सिद्राम पुढे झाला. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर तो असं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. "बाई, चूक पोरीची न्हाय. चूक यादीची हाय, आन यादी मी सांभाळतो. ताई पयल्यापासून नको म्हनत हुत्या, मीच ऐकलं न्हाय. काय बोलायचं ते मला बोला."

सुमतीबाई कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला विचारलं, "अशा किती जणी परत गेल्या असतील?"

मला सांगता आलं नाही. जी आत येऊन नोंदणी करते तिचं नाव, गाव, मार्क, सगळं साईटीकडे राहायचं. जी दारातूनच वळायची तिचं काहीच ठेवायचं नाही अशी ती साईट लिहिलेली होती. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "आजारी मुलींच्या खोलीत एक खाट वाढवता येईल. एकच. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

बिरूनं वाकून नमस्कार केला. काजल तशीच उभी होती. मला वाटलं, आनंद पचायला वेळ लागतोय पोरीला.

त्याच संध्याकाळी सिद्रामनं सगळ्या साईटींवरचे असले पहारे काढून टाकले, न सांगता. मी दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "काढले." आमचं भांडण तिथं संपलं. खरं सांगायचं तर मला ते संपल्याचं थोडं वाईटही वाटलं, इतकी त्याची सवय झाली होती.

काजल शिकली. वर्षभर आजारी मुलींच्या खोलीत राहिली, पुढच्या वर्षी तिला रीतसर जागा मिळाली. आता शहरातल्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. मी रक्तदाबाची तक्रार घेऊन तिथं गेले तेव्हा तिनंच मला ओळखलं. दंडाला पट्टा बांधता बांधता बिरूची खुशाली सांगितली, टँकर सोडून तो आता डाळिंबाच्या गाड्या नेतो म्हणाली. मी सहज म्हटलं, बरं झालं तुझ्या वडिलांनी ते खोकं घेऊन धडक मारली, नाहीतर आम्हाला कधी कळलंच नसतं.

ती पट्ट्यात हवा भरत होती, थांबली.

"मॅडम, सुनीता म्हनून माझी मैत्रीण हुती. नोंदणीच्या सकाळी आमी दोगी आमच्या वट्यावर शेजारी शेजारी बसलो हुतो. तिच्या भावाचा मोबाईल त्याच दुकानातला, त्याच कंपनीचा. तिलाबी तेच पान आलं. तिचा भाऊ म्हनला, आपल्यासाठी न्हाय ही साईट, आन मोबाईल काढून घेतला. तिला मार्क माझ्यापरास जास्त हुते."

"मग ती का नाही आली तुमच्याबरोबर?"

"यायची म्हनत हुती. भावानं सोडलं न्हाय. मला म्हनली, काय कळलं तर सांग, मी येते मागनं." काजल माझ्या दंडाकडे बघत बोलत होती. "बाई एकच खाट म्हनल्या. मी तितंच सुनीताचं नाव घेनार हुते. तोंडातनं निघालंच न्हाय. घरी जाऊनबी सांगितलं न्हाय तिला. लगीन झालं तिचं त्याच साली."

मला काजलचा राग आला नाही. दोघींना दारातून परत पाठवणारी साईट होती, एकीला दुसरीबद्दल गप्प बसायची पाळी त्यामुळे आली. हे तिला सांगायला पाहिजे असं मला वाटलं, पण सुनीताला त्याचा काय उपयोग, हेही वाटलं, आणि मी काहीच बोलले नाही. काजलनं पुन्हा हवा भरली, सोडली, आकडा बघितला.

"लई वाढलंय मॅडम," ती म्हणाली. "थोडा वेळ गप बसा. परत बघू."